पंचगंगेवरचे काका

कार्तिक शुद्ध एकादशी

काशीला जायला आता मुंबईहून आणि पुण्याहून विमाने आहेत, तरी काका आपल्या प्रत्येक पाहुण्याला मध्यरात्रीनंतर सुटणारी महानगरी एक्सप्रेसच सुचवत असत. ही गाडी वेळेवर असली तर दुसऱ्या रात्री पहाटेच्या आधी वाराणसीला पोहोचते, आणि गल्ल्यांमध्ये दुधाच्या किटल्या बांधलेल्या मोटारसायकलींची वर्दळ सुरू होण्यापूर्वी सामानासकट घाटाकडे जाणे म्हाताऱ्या माणसांना सोपे पडते, असा त्यांचा हिशेब होता. काका यंदा श्रावणात वारले. या वेळी विमानाने जाण्याची माझी ऐपत होती आणि सवडही कमी होती, पण त्यांच्या घरी जायचे तर त्यांनी सांगितलेल्या गाडीनेच जावे असे वाटले. उपवासाची खिचडी डब्यात होती, भुसावळला चहा झाला आणि दुपार कलल्यावर जबलपूर गेले. प्रवासाबद्दल याहून अधिक सांगण्यासारखे काही नाही.

काका कोण, हे मात्र सांगायला हवे. काशीत पंचगंगा, दुर्गाघाट आणि ब्रह्माघाट या उत्तरेकडच्या घाटांच्या वरच्या बाजूला मराठी वस्ती आहे आणि ती कालपरवाची नाही. पैठणच्या भट्ट घराण्यातील नारायणभट्टांनी सोळाव्या शतकात विश्वेश्वराच्या मंदिराची पुन्हा उभारणी करवली, याच घराण्यातील कमलाकरभट्टांनी ‘निर्णयसिंधु’ लिहिला आणि याच घराण्यातील गागाभट्टांनी १६७४ मध्ये रायगडावर शिवराज्याभिषेक केला. पुढे पेशव्यांच्या काळात नारायण दीक्षित पाटणकर येथे येऊन राहिले, घाट बांधले गेले, वेदपाठशाळा निघाल्या आणि देशावरून व कोकणातून आलेली कुटुंबे कायमची काशीकर झाली. काका अशाच एका कुटुंबातले होते. ते टपाल खात्यात नोकरीला होते, आणि निवृत्तीनंतर, खरे तर त्याच्या कितीतरी आधीपासून, काशीला येणाऱ्या मराठी माणसांची सोय पाहणे हेच त्यांचे काम झाले होते. ते पुरोहित नव्हते, धर्मशाळा चालवत नव्हते आणि कोणाकडून एक पैसाही घेत नव्हते.

कार्तिक शुद्ध द्वादशी

गाडी दीड तास उशिरा पोहोचली. काकांचा पुतण्या स्थानकावर येतो म्हणाला होता, पण मीच त्याला नको म्हटले होते. स्थानकाबाहेर रिक्षावाल्याला ब्रह्माघाट न सांगता मैदागिन सांगायचे, तेथे उतरून कालभैरवाच्या गल्लीने चालत जायचे, आणि सामान उचलणाऱ्याशी पैसे आधीच ठरवायचे, एवढे काकांनी पढवून ठेवलेले होते. मैदागिनला पराडकर भवनावरून जाताना ते नेमाने सांगत की, हिंदी पत्रकारितेला वळण लावणारे ‘आज’चे संपादक बाबूराव विष्णू पराडकर आपल्यापैकीच, काशीतच जन्मलेले. एवढे बोलून ते लगेच पाहुण्याच्या पायांकडे बघत, कारण पुढे फरशी ओली असे.

घर तसेच आहे. मधला चौक, लाकडी खांब, वर जाणारा अंधारा जिना आणि जिन्याच्या पहिल्या पायरीशी खिळ्याला अडकवलेली टॉर्च. काकूंनी चहा दिला, माझ्या आईची चौकशी केली आणि मग मीच विषय काढेपर्यंत काकांबद्दल एक शब्दही बोलल्या नाहीत. पुतण्याने सांगितले ते असे. त्या आठवड्यात गंगा धोक्याच्या रेषेच्या, म्हणजे ७१.२६२ मीटरच्या, वर गेली होती आणि सगळे घाट पाण्याखाली होते. काकांच्या छातीत दुखू लागले तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते. या गल्ल्यांतून रुग्णवाहिका तर सोडाच, स्ट्रेचरसुद्धा वळणावर अडकते, म्हणून काकांनी अनेक वर्षांपूर्वी एक लाकडी खुर्ची करून घेतली होती. तिच्या दोन्ही बाजूंना लोखंडी कड्या होत्या आणि त्यांत बांबू घातले की चार माणसांना ती खांद्यावर घेता येई. तिच्यावरून त्यांनी कितीतरी यात्रेकरूंना, आणि एकदा माझ्या आईलाही, मोठ्या रस्त्यापर्यंत नेऊन पोहोचवले होते. त्या रात्री त्याच खुर्चीवर त्यांना बसवले. पुतण्या म्हणाला, “तशा अवस्थेतही ते मागच्या माणसाला सांगत होते की डावीकडचा बांबू वर धर, पुढे पन्हाळ आहे.” दोन दिवसांनी रुग्णालयातच ते वारले. मणिकर्णिकेच्या पायऱ्या बुडालेल्या असल्यामुळे पुराच्या दिवसांत वरच्या गच्चीवर दहन होते. तेथे रांग लागलेली होती आणि काकांना पहाटेपर्यंत थांबावे लागले.

संध्याकाळी गल्लीत एका घरी तुळशीचे लग्न होते. काकूंच्या घरात वर्षभर सण करायचा नाही, म्हणून ऊस, आवळे, चिंचा आणि बोरे असलेले सूप माझ्या हातात देऊन त्यांनी मलाच शेजारी पाठवले. काशीच्या त्या चौकात थेट सांगली-साताऱ्याकडच्या चालीत मंगलाष्टके झाली, अक्षता पडल्या आणि नंतर मुलांनी एकमेकांना अस्सल बनारसी हिंदीत चिडवायला सुरुवात केली. परत आल्यावर काकूंनी पहिला प्रश्न विचारला तो मंगलाष्टके किती झाली हा. काका असताना पाच झाल्यावर ते भटजींना हातानेच पुरे म्हणून खूण करीत असत.

कार्तिक शुद्ध त्रयोदशी

काकांची तिथी शुद्ध त्रयोदशी, त्यामुळे आज मासिक श्राद्ध होते. सकाळपासून घरात वड्यांचा आणि खिरीचा वास होता. श्राद्धाचे आमंत्रण दिलेले ब्राह्मण जेवून गेल्यावर गल्लीतली पाच-सहा वडीलधारी मंडळी जेवायला बसली, आणि जेवणानंतर ज्या कामासाठी मला खास बोलावले होते ते निघाले.

काकांच्या नावाने गल्लीच्या तोंडाशी एक संगमरवरी पाटी लावायची असे ठरले आहे. पुणे, नाशिक आणि लातूर येथून पैसे आले आहेत. पाटीवरच्या मजकुराचा कच्चा खर्डा तयार होता आणि मी लिहिणारी बाई म्हणून तो मी नीट करून द्यावा अशी अपेक्षा होती. खर्ड्यात ‘संतवृत्तीचे’, ‘परोपकारमूर्ती’, ‘दीनांचे कैवारी’ आणि ‘प्रेमळ स्वभावाचे’ अशी विशेषणे होती. मी तो दोनदा वाचला आणि मला त्यात काका कोठेच सापडेनात. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “प्रेमळ स्वभावाचे हे कोणी लिहिलं? त्यांच्याबरोबर पन्नास वर्षं कोण राहिलं, मी की तुम्ही?” सगळे हसले, पण खर्डा लिहिणारे गृहस्थ थोडे दुखावले.

काकूंचे म्हणणे खरे होते. काका तापट होते. उशिरा येणाऱ्यावर, खोटे बोलणाऱ्यावर आणि औषधे घरी विसरून आलेल्यावर ते चारचौघांत ओरडत. त्यांच्या चांगुलपणात गोडवा फारसा नव्हता. त्यात नेमकेपणा होता, आणि मला वाटते की परक्या गावात अडलेल्या माणसाला गोडव्यापेक्षा त्याचीच गरज जास्त असते. रात्री दोन वाजता कोणता डॉक्टर दार उघडतो, कोणत्या घाटाला कमी पायऱ्या उतराव्या लागतात, गयेला जाणारी कोणती गाडी रोज उशिरा येते आणि कोणत्या दुकानातला खवा उन्हाळ्यात खाऊ नये, हे त्यांना पक्के ठाऊक असे. ठाऊक नसेल तेव्हा ते अंदाज सांगत नसत. छत्री घेऊन बाहेर पडत आणि विचारून येत.

टपाल खात्यातल्या नोकरीचा उपयोग येथे झाला. बनारसचे घरक्रमांक बाहेरच्या माणसाला कोडे वाटतात, पण त्यांत शिस्त आहे: आधी विभागाचे इंग्रजी अक्षर येते, के म्हणजे कोतवाली, डी म्हणजे दशाश्वमेध, सी. के. म्हणजे चौक, बी म्हणजे भेलूपूर, मग मोहल्ल्याचा आकडा आणि तिरक्या रेघेनंतर घराचा. (कालभैरवाला काशीचा कोतवाल म्हणतात आणि त्याचे देऊळ कोतवाली विभागातच आहे, ही गोष्ट काका प्रत्येक नव्या पाहुण्याला सांगत आणि तो हसेपर्यंत थांबत.) घरी उतरणाऱ्या प्रत्येकाच्या खिशात ते एक चिठ्ठी ठेवत. पोस्टकार्डाच्या कापलेल्या तुकड्यावर निळ्या शाईत हिंदीतून घरक्रमांक, त्याखाली जवळची खूण म्हणून बिंदुमाधवाचे देऊळ, त्याखाली त्यांचा फोन नंबर आणि सर्वांत खाली, ज्याला मधुमेह किंवा रक्तदाब असेल त्याच्या औषधाचे नाव. बायकांच्या नऊवारीला खिसा नसतो, म्हणून त्यांच्यासाठी चिठ्ठीला भोक पाडून दोरा ओवलेला असे आणि तो गळ्यात घालावा लागे. माझ्या आईला ते मुळीच आवडले नव्हते. “मी काय पार्सल आहे का?” असे तिने विचारले होते, त्यावर काका म्हणाले होते, “वहिनी, पार्सल हरवलं तर खात्याला भरपाई द्यावी लागते. तुमची भरपाई मी कुठून देऊ?”

पाटीचा मजकूर आज ठरला नाही. संध्याकाळी पुतण्याबरोबर पंचगंगेवर गेले. कार्तिकात येथे उंच बांबूंच्या टोकाला वेताच्या टोपल्यांतून आकाशदीप टांगतात. टोपलीत दिवा ठेवून दोरीने तो वर ओढायचा, असे महिनाभर चालते आणि ते पितरांसाठी असते. यंदा एक बांबू काकांच्या नावाचा आहे. दोरी मध्येच अडकली तेव्हा शेजारच्या पंड्याने न विचारता येऊन ती सोडवली आणि पुतण्याला सुनावले की, तुझे काका असते तर त्यांनी गाठ आधी तपासली असती.

कार्तिक शुद्ध चतुर्दशी

आज वैकुंठ चतुर्दशी. विष्णूला बेल आणि शंकराला तुळस वाहण्याचा वर्षातला हा एक दिवस. पहाटे बिंदुमाधवाला गेलो. मूळचे भव्य मंदिर औरंगजेबाच्या काळात पाडले गेले आणि त्या जागी घाटाच्या माथ्यावर आलमगीर मशीद उभी राहिली. आजचे साधे, वाड्यासारखे मंदिर औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधलेले आहे. मशिदीच्या उंच मनोऱ्यांना बनारसी लोक ‘माधवराव का धरहरा’ म्हणत, हे मला काकांनीच सांगितले होते. ते मनोरे आता नाहीत. काकांचे मुसलमान विणकर मित्र याच परिसरातले होते, आणि यात्रेकरूंपैकी कोणी मशिदीकडे बोट दाखवून तावातावाने बोलू लागले की काका घड्याळाकडे पाहून म्हणत, “चला, आरती चुकेल.” त्यांच्या मतांबद्दल याहून अधिक मला कधीच कळले नाही.

नंतर नावेने मणिकर्णिकेला निघालो. या नावाड्याला मी ओळखत होते. आईला घेऊन आले होते त्या वर्षी तिचे गुडघे इतके दुखत होते की पंचगंगेच्या उभ्या पायऱ्या उतरणे अशक्यच होते. काकांनी दोन दिवस आधी येऊन पाण्याची पातळी पाहिली, नाव कोठे लावायची ते ठरवले आणि प्लॅस्टिकची खुर्ची नावेत बांधून घेतली. त्या वेळी आमच्याबरोबरच्या एका गृहस्थांनी उतरताना खूश होऊन नावाड्याला ठरल्यापेक्षा दुप्पट पैसे दिले. काका त्यांच्यावर भडकले. “तुम्ही उदार झालात, चांगलं आहे. पण उद्या सोलापूरची एखादी म्हातारी येईल, तिलाही हा हाच भाव सांगेल. तिच्या पिशवीतून तुम्ही दान केलंत.” गृहस्थ दिवसभर बोलले नाहीत. काकांनी मात्र संध्याकाळी त्यांना ठठेरी बाजारात नेऊन कचोरी खाऊ घातली, आणि तिचे पैसे आपणच दिले.

आज नावाडी काकांबद्दल बोलत होता. पुराच्या दिवसांत नावा बंद असतात आणि मल्लाहांचे घर कर्जावर चालते. अशा वेळी काका त्यांच्या पोरांच्या शाळेची फी कोणाकडून तरी मिळवून आणत, पण देताना पावती मागत आणि ती पाठवणाऱ्याला पोस्टाने धाडत. उजवीकडे सिंधिया घाट आला. हा घाट ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांनी बांधलेला, आणि त्याच्या कडेचे रत्नेश्वराचे देऊळ एका बाजूला कललेले. पुराचा गाळ अजून त्याच्या गाभाऱ्यात होता. मणिकर्णिकेवर चिता नेहमीप्रमाणे जळत होत्या. वरची ती गच्ची नावाड्याने दाखवली. मी नमस्कार केला आणि नाव वळवायला सांगितली, कारण काकांना तेथे रेंगाळणारे आणि फोटो काढणारे पाहुणे खपत नसत.

उतरल्यावर मी पैसे विचारले. उद्या देवदिवाळी, आज तिप्पट भाव मागणाऱ्या नावा शेजारीच उभ्या होत्या. हा म्हणाला, “काका वाला रेट,” आणि तेवढेच घेतले. मी वर एक रुपयाही दिला नाही.

कार्तिक पौर्णिमा

एकनाथ महाराजांनी आपले भागवत शके १४९५ मध्ये, म्हणजे १५७३ साली, कार्तिक पौर्णिमेला याच काशीत पूर्ण केले. काकांच्या घरी दर वर्षी या दिवशी एकतिसावा अध्याय वाचला जाई आणि वाचन सुरू असताना कोणी मध्ये उठले तर काका पोथी मिटून त्याच्याकडे बघत बसत. आज पुतण्याने वाचला. तो अडखळत होता, तरी कोणी उठले नाही.

दुपारी बाराच्या सुमारास दार वाजले. लातूरकडचे एक वयस्कर जोडपे उभे होते. आजोबांनी कोपरीच्या आतल्या खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी केलेला कागद काढला. पोस्टकार्डाचा तुकडा, निळी शाई, घडीवर अक्षरे पुसट झालेली. काही वर्षांपूर्वी ते आले होते तेव्हा काकांनी दिलेली ती चिठ्ठी त्यांनी जपून ठेवली होती आणि तिच्याच आधाराने, कोणालाही फोन न करता, मैदागिनहून विचारत विचारत ते घरापर्यंत पोहोचले होते. “काका हायेत का? त्यास्नी म्हणावं, यंदा गोळ्या इसरलो न्हाई,” असे आजोबा म्हणाले.

काकूंनी त्यांना आत बसवले, आधी पाणी दिले, मग चहा दिला, त्यांचे सामान वर पाठवले, आजींना पाय धुवायला मोरी दाखवली आणि सगळे झाल्यावर समोर बसून सांगितले. आजी रडल्या. आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग त्यांनी खिशातून गोळ्यांचे पाकीट काढून काकूंसमोर ठेवले. काकूंनी ते उचलून नाव वाचले, जेवणाआधीची की नंतरची ते विचारले आणि पुतण्याला वही आणायला सांगितली.

रात्री देवदिवाळी. या दिवशी घाटाघाटावर पणत्या लावण्याचे आजचे स्वरूप गेल्या चार दशकांतले आहे आणि त्याची सुरुवात पंचगंगेवरूनच झाली, याचा काकांना अभिमान होता. पण त्या गर्दीत ते कधीच खाली उतरत नसत. अहल्याबाईंच्या नावाने ओळखला जाणारा पंचगंगेवरचा दगडी हजारा दीपस्तंभ पेटला तेव्हा घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. मी गच्चीवरूनच पाहिले आणि लवकर खाली आले, कारण दारावर बसायला माणूस हवा होता. घरी उतरलेली अकरा माणसे बाहेर गेली होती आणि त्यांतली नऊच परतली होती. उरलेली दोघे साडेदहाला आली. एका पोलिसाने चिठ्ठी वाचून त्यांना गल्लीच्या तोंडाशी आणून सोडले होते.

कार्तिक वद्य प्रतिपदा

सकाळी पुन्हा पाटीचा विषय निघाला. मी विशेषणे काढून टाकली आणि नाव, जन्म-मृत्यूची वर्षे व ‘काशीला येणाऱ्या यात्रेकरूंना यांनी घरी नेले’ एवढे एक वाक्य ठेवले. खर्डा लिहिणाऱ्या गृहस्थांना ते फार कोरडे वाटले. काकूंनी वाचून मान हलवली आणि विचारले की पाटीला एकूण खर्च किती. आकडा ऐकल्यावर त्यांनी पाटी निम्म्या मापाची करायला सांगितली आणि उरलेल्या पैशांतून जाड कागदाच्या चिठ्ठ्या छापून घ्यायला सांगितल्या, दोरा ओवायचे भोक आधीच पाडलेल्या. त्यावर मराठी हवी की हिंदी यावर अर्धा तास वाद झाला. शेवटी वाचणारा पोलीस किंवा रिक्षावाला असणार म्हणून हिंदीच ठेवावी, काकाही तेच करीत, असे ठरले.

फोन नंबर कोणाचा छापायचा हा प्रश्न राहिला. पुतण्याने आपला नंबर लिहिला होता. काकूंनी तो खोडून काकांचा लिहिला; ते सिमकार्ड त्यांनी बंद केलेले नाही, काकांचा जुना बटणांचा फोन देवघराच्या कोनाड्यात चार्जिंगला लावलेला असतो. आम्ही छापखान्यात द्यायचा कागद तपासत असतानाच तो वाजला. गयेहून निघालेले पाच जणांचे कुटुंब होते, संध्याकाळी काशीला पोहोचत होते आणि काकांना विचारत होते. काकूंनी घसा साफ केला आणि म्हणाल्या, “ते नाहीत आता. मी बोलते. मोठं माणूस कोण आहे बरोबर, आणि त्यांना जिना चढवतो का?”